कॉल अडवणारं ॲप तुमच्या फोनबुकाचं काय करतं?

अनोळखी नंबरवरून फोन वाजतो आणि स्क्रीनवर नाव येतं. नंबर तुमच्याकडे सेव्ह नाही, त्या माणसाने त्या ॲपवर कधी खातं उघडलेलं नाही, तरी नाव बरोबर असतं. हे नाव आलं कुठून, हा प्रश्न कॉल अडवणारं कुठलंही ॲप टाकण्याआधी विचारायला हवा.

अशा ॲपकडे माहिती साधारण तीन वाटांनी येते. व्यवसायांच्या जाहीर याद्या, वापरणाऱ्यांनी 'स्पॅम' म्हणून केलेल्या तक्रारी, आणि वापरणाऱ्यांची फोनबुकं. पहिल्या दोन वाटांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तिसरीबद्दल आहे, कारण एखाद्या नंबरला स्पॅम ठरवायला तक्रारी पुरतात. फोनबुकं लागतात ती नंबरला नाव चिकटवायला. म्हणजे रोबोकॉल, अर्थात यंत्राने आपोआप लावलेले कॉल, थांबवण्याच्या नावाखाली मागितली जाणारी कॉन्टॅक्ट्सची परवानगी बऱ्याचदा वेगळ्याच कामासाठी असते. सगळीच ॲप्स फोनबुक सर्व्हरवर नेत नाहीत. काही विचारून नेतात, काही नेत नाहीत, काहींमध्ये ते बटण 'सुधारित शोध' अशा एखाद्या निरुपद्रवी नावाखाली असतं. पण परवानगी एकदा दिली की पुढचं सगळं कंपनीच्या शब्दावर चालतं.

फोनबुकात आपण नावं कशी लिहितो ते आठवून पाहा. 'मीना डायलिसिस'. 'संजय उसने पैसे'. 'तळमजला किल्ली'. ही नावं आपण आपल्या सोयीसाठी लिहितो, तो माणूस वाचणार नाही या भरवशावर. पहिल्या नावात आजार आहे, दुसऱ्यात कर्ज आहे, तिसऱ्यात रिकाम्या घराची किल्ली कुणाकडे आहे ते आहे. त्याखाली अनेकदा पत्ता, वाढदिवस, ईमेल आणि मोकळी टीप लिहायची जागाही भरलेली असते. एकच नंबर दहा जणांनी दहा प्रकारे सेव्ह केला असेल, तर त्यांतलं कुठलं नाव जगाला दाखवायचं हे ॲपचा सर्व्हर ठरवतो. परवानगीच्या चौकटीवर बोट मात्र तुमचं पडलं. मीनाला कुणी विचारलंच नाही. तिने ते ॲप टाकलं नसेल, कधी टाकणारही नसेल, पण तिचा नंबर आणि आजार एका यादीत जाऊन बसला.

'आम्ही नंबर हॅश करून पाठवतो', म्हणजे नंबराऐवजी गणिताने त्यापासून काढलेला एक ठसा पाठवतो, असं काही कंपन्या सांगतात. ऐकायला हे भक्कम वाटतं, पण फोन नंबराच्या बाबतीत ते फार तकलादू आहे. हॅश उलटवता येत नाही हे खरं. तो उलटवायची गरजच पडत नाही. दहा आकडी नंबर एकूण असतात जास्तीत जास्त १,००० कोटी. त्यातले वापरात नसलेले सुरुवातीचे आकडे गाळले की आणखी कमी. आजचं एखादं चांगलं ग्राफिक्स कार्ड एसएचए-२५६ सारखे हॅश सेकंदाला अब्जावधींच्या संख्येने काढतं. शक्य तेवढ्या सगळ्या नंबरांचे हॅश आधीच काढून तक्ता करायचा आणि जुळवायचं, बस. हॅश काढताना नंबरात मिसळलेली जादा अक्षरं, म्हणजे 'सॉल्ट', सगळ्यांसाठी एकच असेल आणि ॲपच्या आतच ठेवलेला असेल, तर त्यानेही काही अडत नाही, कारण ॲप उघडून तो काढता येतो.

गोळा केलेली यादी कंपनीने विकली नाही, तरी ती सांडू शकते. 'दलील' नावाच्या एका कॉलर आयडी, म्हणजे फोन करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या ॲपचा डेटाबेस २०१९ मध्ये पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडा सापडला. त्यात पन्नास लाखांहून जास्त वापरकर्त्यांची माहिती होती.

आता कामाची गोष्ट. अँड्रॉइडवर कॉल अडवण्यासाठी ॲपला तुमचं फोनबुक लागतच नाही. अँड्रॉइड १० पासून सिस्टीममध्ये 'कॉलर आयडी आणि स्पॅम ॲप' अशी वेगळी भूमिका आहे. कॉल आला की घंटी वाजण्याआधी सिस्टीम त्या ॲपला नंबर देते. ॲपने पाच सेकंदांच्या आत उत्तर द्यायचं: येऊ दे, कापून टाक, किंवा आवाज बंद ठेव. उत्तर आलं नाही तर कॉल नेहमीसारखा वाजतो. इंटरनेट मंद असताना स्पॅम कॉल निसटून येतात ते बहुतेक यामुळेच. ॲप सर्व्हरला विचारत बसतं आणि वेळ संपतो. म्हणून नंबरांची यादी फोनमध्येच उतरवून ठेवणारं ॲप जास्त भरवशाचं, आणि तुम्हाला कुणाकुणाचे फोन येतात हे कंपनीला कळत नाही तो फायदा वेगळाच.

याच व्यवस्थेतली एक बारीक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. ॲपला कॉन्टॅक्ट्सची परवानगी दिलेली नसेल, तर तुमच्या फोनबुकातल्या माणसांचे कॉल सिस्टीम त्या ॲपकडे पाठवतच नाही. ते थेट वाजतात. म्हणजे 'परवानगी दिली नाही तर ओळखीच्यांचे कॉलही अडकतील' ही भीती निराधार आहे. उलट परवानगी दिल्यावरच ते कॉल ॲपच्या हातात जातात.

म्हणून ॲप टाकताना ते मागेल ते सगळं देत सुटू नका. आधी कॉन्टॅक्ट्स, एसएमएस, कॉल लॉग, नोटिफिकेशन आणि ॲक्सेसिबिलिटी या सगळ्यांना नकार द्या. मग सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, कॉलर आयडी आणि स्पॅम ॲप या वाटेने जाऊन त्या ॲपची निवड करा. फोनच्या कंपनीनुसार ही नावं थोडी बदलतात. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'स्पॅम' लिहिलं की बहुधा सापडतं. दुसऱ्या फोनवरून कॉल करून पाहा. परवानग्यांशिवाय ॲप उघडायलाच तयार नसेल तर ते काढून टाका आणि दुसरं शोधा. एसएमएस आणि नोटिफिकेशनच्या बाबतीत मी तडजोड करत नाही, कारण त्या वाटेने तुमचे ओटीपी वाचता येतात, आणि कॉल अडवण्याशी ओटीपीचा काडीचाही संबंध नाही.

एफ-ड्रॉइड या अँड्रॉइड ॲप्सच्या भांडारात मुक्त स्रोत असलेली, म्हणजे ज्यांचा कोड कुणीही वाचू शकतं अशी, काही ब्लॉकर ॲप्स मिळतात. त्यांत नियम आपण लिहायचे असतात. एक नियम बहुतेकांच्या उपयोगाचा आहे. रोबोकॉल करणारे पुष्कळदा तुमच्याच नंबराशी मिळताजुळता खोटा नंबर दाखवतात, म्हणजे तो जवळपासचा वाटून तुम्ही उचलाल. तेव्हा स्वतःच्या नंबरचे पहिले सहा आकडे घ्या आणि 'या आकड्यांनी सुरू होणारे सगळे कॉल अडवा' असा नियम करा. त्याच मालिकेत एखादा खरा ओळखीचा नंबर असला तरी धोका नाही; तो फोनबुकात आहे आणि ॲपला कॉन्टॅक्ट्सची परवानगी नाही, त्यामुळे तो ॲपपर्यंत जाणारच नाही. दोन ठिकाणी चूक होते. एक म्हणजे देशाचा कोड: काही नेटवर्क नंबर कोडसह देतात, काही कोडशिवाय, म्हणून नियम दोन्ही रूपांत लिहावा लागतो. दुसरी म्हणजे आकडे कमी घेणं. तीनच आकडे घेतले तर ब्लॉकर निम्मं गाव अडवून बसेल.

गूगलच्या फोन ॲपमध्येही स्पॅम ओळखण्याची सोय आहे. सेटिंग्जमध्ये 'कॉलर आयडी आणि स्पॅम' उघडून 'स्पॅम कॉल गाळा' चालू केलं की संशयित कॉल वाजत नाहीत. मात्र ही सोय चालू असताना तुमच्या कॉलची काही माहिती गूगलकडे जाऊ शकते. फोनमध्ये गूगलचं खातं आधीच असेल, तर आणखी एका अनोळखी कंपनीला हिस्सेदार करण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत.

आयफोनची रचना या बाबतीत जास्त शहाणी आहे. २०१६ च्या आयओएस १० पासून ब्लॉकर ॲप फक्त नंबरांची यादी सिस्टीमच्या स्वाधीन करतं. कॉल आला की फोन स्वतः त्या यादीत पाहतो. कोणाचा कॉल आला हे ॲपला कळतही नाही. त्यामुळे आयफोनवर एखादं ब्लॉकर ॲप कॉन्टॅक्ट्स मागत असेल तर शंका घ्यायलाच हवी. आयओएस १८ मध्ये लगेच सर्व्हरला विचारून नंबर ओळखण्याची सोय आली. तीत प्रश्न होमोमॉर्फिक एन्क्रिप्शनने झाकून जातो, म्हणजे सर्व्हर उत्तर देतो पण कुठला नंबर विचारला ते त्याला वाचता येत नाही. त्याच आवृत्तीपासून ॲपला पूर्ण फोनबुक न देता निवडक कॉन्टॅक्ट्स देता येतात. आधीच सगळं दिलं असेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, कॉन्टॅक्ट्स इथे जाऊन बदला. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' च्याच तळाशी 'ॲप प्रायव्हसी रिपोर्ट' आहे. तो चालू करून आठवडाभर राहू द्या. ब्लॉकर ॲप कुठकुठल्या सर्व्हरशी बोलतं ते त्यात दिसतं, आणि जाहिरात किंवा विश्लेषण कंपन्यांची नावं दिसली तर निर्णय सोपा होतो.

आयफोनवर नेहमी येणारी अडचण अशी की ॲप चालू दिसतं, पण अडवत काहीच नाही. या यादीतले नंबर देशाच्या कोडसह आणि चढत्या क्रमाने द्यावे लागतात. क्रम चुकला की सिस्टीम यादी घेत नाही. ही चूक ॲप बनवणाऱ्याची असते, तुमच्या हातात एवढंच असतं की ॲप अपडेट करायचं, 'कॉल ब्लॉकिंग अँड आयडेंटिफिकेशन' मधलं बटण बंद करून पुन्हा चालू करायचं, आणि ॲप एकदा उघडून यादी ताजी करायची. 'अनोळखी कॉल शांत करा' हा आयओएस १३ पासूनचा पर्याय कुठल्याही ॲपशिवाय चालतो, पण तो अगदी सरसकट आहे. रुग्णालयातून अनोळखी नंबरवरून आलेला फोनही वाजणार नाही. तुम्ही ज्या नंबरला अलीकडे स्वतः फोन केला आहे तो मात्र वाजतो. म्हणून ज्यांच्याकडून महत्त्वाचा फोन यायचा आहे त्यांना आधी एकदा आपण फोन करून ठेवायचा.

याशिवाय एक वेगळाच प्रकार आहे, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. काही सेवा फोनमध्ये काहीच अडवत नाहीत. त्या नेटवर्कवर कॉल फॉरवर्डिंग लावतात. तुम्ही न उचललेला किंवा कापलेला कॉल मग त्यांच्या सर्व्हरवर जातो आणि व्हॉइसमेलही तिथेच नोंदला जातो. ही मांडणी नेटवर्कमध्ये साठवलेली असते, फोनमध्ये नाही. ॲप काढून टाकलं, फोन बदलला, तरी ती तशीच राहते आणि तुमचे न उचललेले कॉल एका परक्या कंपनीकडे जात राहतात. तपासायला जीएसएम पद्धतीच्या नेटवर्कवर *#६१# डायल करा: न उचललेले कॉल कुठे जातात ते दिसेल. *#६२# ने फोन बंद असतानाचं, *#६७# ने लाइन व्यस्त असतानाचं कळतं. ##००२# सगळं फॉरवर्डिंग एका फटक्यात रद्द करतं. त्याने तुमच्या नेटवर्कचा स्वतःचा व्हॉइसमेलही तुटतो, म्हणून आधी त्याचा नंबर लिहून ठेवा. काही नेटवर्कचे कोड वेगळे असतात, तिथे ग्राहक सेवेला विचारावं लागतं. आणि फोनवर कुणी *२१* किंवा **२१* ने सुरू होणारं काही डायल करायला सांगितलं तर करू नका. त्याने तुमचे सगळे कॉल, ओटीपी सांगणारेसुद्धा, दुसऱ्याकडे वळतात.

एवढं करूनही यादीवर चालणारा कुठलाही ब्लॉकर अर्धवटच राहणार. खोटा नंबर दर कॉलला बदलता येतो, मग कालची यादी आज कामाची नसते. शिवाय ज्या बिचाऱ्याचा नंबर कुणी खोटा दाखवायला वापरला, त्याच्या नावावर तक्रारी साचतात आणि त्याचे खरे कॉल अडायला लागतात. यावर उपाय नेटवर्कच्या पातळीवर आहे. स्टर-शेकन नावाची पद्धत कॉलला डिजिटल सही जोडते. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना ती ३० जून २०२१ पर्यंत लावणं बंधनकारक होतं. सहीचे अ, ब, क अशा अर्थाचे तीन दर्जे असतात. वरच्या दर्जाचा अर्थ एवढाच की हा नंबर वापरायचा हक्क या ग्राहकाला आहे. बोलणारा प्रामाणिक आहे असा नाही. आणि वाटेत कुठे जुनं, इंटरनेटच्या पद्धतीवर (आयपी) न चालणारं नेटवर्क लागलं की सही तिथेच गळून पडते.

नंबर बाहेर कुठे आहे

रोबोकॉल करणाऱ्याला तुमचा नंबर ठाऊक असायची गरज नसते. यंत्र ओळीने नंबर लावत जातं. पण चालू नंबर, त्यामागचं नाव आणि फोटो मिळाला की तोच नंबर फसवणुकीच्या कामाचा होतो. हे मिळवणं सोपं आहे. फेसबुकच्या ५३.३ कोटी खात्यांची माहिती, फोन नंबरांसह, एप्रिल २०२१ मध्ये फुकट वाटली गेली. ती कुणी कुलूप तोडून नेली नव्हती. 'कॉन्टॅक्ट्स टाका, मित्र शोधा' या सोयीत नंबरांच्या मालिकाच्या मालिका टाकून ती खरवडून काढली होती, आणि त्याबद्दल आयर्लंडच्या नियामकाने २०२२ मध्ये कंपनीला २६.५ कोटी युरो दंड केला. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये व्हॉट्सॲपला तसेच नंबर विचारत जाऊन तब्बल ३५० कोटी खाती असल्याची खात्री करून दाखवली, तीही ताशी दहा कोटींहून जास्त नंबर तपासत. कंपनीने नंतर मर्यादा घातली. तुमच्या हातात आहे ते इतकंच, की नंबर सापडला तरी त्याच्याबरोबर काही सापडू नये.

व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीमध्ये प्रोफाइल फोटो आणि 'अबाउट' फक्त आपल्या कॉन्टॅक्ट्सना दिसेल असं करा. तिथेच 'कॉल्स' मध्ये अनोळखी कॉल शांत करण्याचा पर्याय आहे. टेलिग्राममध्ये एक खोच आहे. 'माझा नंबर कोण पाहू शकतं' याला 'कोणीही नाही' निवडल्याशिवाय खालचा, 'नंबरावरून मला कोण शोधू शकतं' हा दुसरा पर्याय दिसतच नाही. बरेच जण पहिलाच 'कॉन्टॅक्ट्स' वर ठेवतात, त्यामुळे दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. सिग्नलमध्ये २०२४ पासून दोन्ही 'कोणीही नाही' वर ठेवून युजरनेम देता येतं.

मग जाहीर पानं. आपला नंबर अवतरणचिन्हांत घालून शोधा, आणि एकदा नव्हे, वेगवेगळ्या रूपांत: सलग, देशाच्या कोडसह, मध्ये जागा सोडून, पाच-पाच आकड्यांत तोडून, आडव्या रेघेसह. शोधयंत्राला ही सगळी रूपं सारखी वाटतीलच असं नाही. सापडतं ते बहुधा विसरलेलं असतं: जुना बायोडेटा, संस्थेची सभासद यादी, एखाद्या कार्यक्रमाचं पीडीएफ, विकायच्या वस्तूची जाहिरात, नकाशावर घरच्या नंबरासह नोंदवलेला व्यवसाय.

काढून टाकताना क्रम महत्त्वाचा. आधी मूळ पान बदलायला लावा. पानाच्या मालकाला पानाचा पूर्ण पत्ता, कुठल्या ओळीत नंबर आहे ते, आणि तो काढा एवढंच लिहा. लांब कैफियत लिहिली की ईमेल बाजूला पडतो. पान बदललं, तरी शोधात जुनाच मजकूर दिसत राहतो. तेव्हा गूगलच्या कालबाह्य मजकूर काढण्याच्या फॉर्मचा उपयोग. तो आधीच भरला तर नाकारला जातो, कारण पानावर नंबर अजून आहेच. मालक दादच देत नसेल तर गूगलच्याच 'रिझल्ट्स अबाउट यू' या सोयीतून तो निकाल काढण्याची विनंती करता येते. त्याने फक्त गूगलच्या शोधातून ते पान जातं. मूळ जागी नंबर राहतो आणि दुसरं शोधयंत्र तो दाखवू शकतं.

कॉलर आयडीच्या यादीतून नाव काढायचं असेल तर ॲप नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. ट्रूकॉलरमध्ये आधी ॲपच्या आत खातं निष्क्रिय करावं लागतं, मग त्यांच्या संकेतस्थळावरच्या अनलिस्ट पानावर देशाच्या कोडसह नंबर द्यायचा. खातं चालू असताना अनलिस्ट होत नाही. पुढे पुन्हा खातं उघडलं की नाव परत यादीत येऊ शकतं. जिथे ॲप वापरलंच नाही अशा कंपनीकडेही तुमची नोंद असू शकते. तिथे युरोपचा माहिती-संरक्षण कायदा, म्हणजे जीडीपीआर, लागू होत असेल तर कलम १५ खाली 'माझी माहिती कुठून मिळवली' हे विचारता येतं आणि कलम १७ खाली ती पुसायला सांगता येतं. उत्तर साधारण महिन्याभरात द्यावं लागतं. मी आधी स्रोत विचारायला सांगतो. नोंद पुसली की पुरावाही जातो.

स्पॅमला कंटाळून नंबरच बदलायचा विचार असेल तर घाई करू नका. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये पुन्हा वाटपाला ठेवलेले २५९ नंबर तपासले. त्यातले १७१ कुणाच्या तरी चालू ऑनलाइन खात्यांना अजून जोडलेले होते. सोडलेला नंबर ज्याला मिळेल, त्याला तुमचे ओटीपीही मिळतील. तेव्हा नवा नंबर घेतल्यावर जुना लगेच बंद न करता निदान काही महिने चालू ठेवा. आधी ईमेलमधून, मग बँकेतून, मग उरलेल्या सगळ्या खात्यांतून तो काढा. ईमेल आधी, कारण बाकीच्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. जुन्या नंबरवर कुठून ओटीपी किंवा सूचना येतात ते पाहत राहा. ज्या खात्याची आठवणच नव्हती ते अशा वेळी सापडतं. शेवटची सूचना येऊन बरेच दिवस झाले की मगच सिम परत करा, आणि नवा नंबर फॉर्मवर लिहिण्यासाठी न वापरता फक्त बँक व घरच्यांसाठी राखून ठेवा. फॉर्म, दुकानं आणि जाहिरातींसाठी वेगळा दुसरा नंबर ठेवा. तो यादीत गेला तरी त्याच्या आड तुमचं नाव आणि पैसे नसतील.